स्तनवेदना
स्तनांत किंवा त्यांच्या लगतच्या छातीच्या भागात होणाऱ्या दुखण्यास ही संज्ञा देतात. स्तनवेदना हा रोग नसून लक्षण आहे. बहुसंख्य स्त्रियांना आयुष्यात केव्हातरी तिचा अनुभव येतो. गाठ नसताना केवळ दुखणे हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते. उलट कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. दुखणाऱ्या स्तनाची धास्ती घ्यायची व न दुखणारी गाठ अंगावर काढायची, असा विपरीत प्रकार त्यामुळे पुष्कळदा घडतो. [⟶ स्तन].

सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत वेदना ऋतुचक्राशी निगडित असते. पाळीपूर्वीच्या आठवड्यात दोन्ही स्तन जड व हुळहुळे होतात, दुखणे काखेपर्यंत पसरते आणि स्राव सुरू होताच ओसरते. ऋतुचक्राशी संबंध नसलेली वेदना बहुधा एकाच बाजूस व ठराविक जागी असते. तिचा उगम पुष्कळदा स्तनात नसून छातीच्या स्नायूंत किंवा बरगड्यांच्या कूर्चांत असतो. स्त्रीस कुशीवर निजवून स्तन बाजूस सरकल्यावर बरगडी दाबली असता तेच दुखणे उमटले, तर हा उगम लक्षात येतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. नीरा डाव्या कालव्यामुळे येथे ऊस वाढला आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. हंगामात बीड, अहिल्यानगर इ. जिल्ह्यांतून तोडणी कामगारांची जोडपी येतात. उसाच्या मोळ्या बांधणे व त्या डोक्यावर वाहून गाडीत भरणे यांत स्त्रियांचा मोठा वाटा असतो. अशा श्रमाने छातीच्या स्नायूंवर येणारा ताण ‘स्तन दुखतो’ या तक्रारीत दडलेला असू शकतो. अंगावर पाजणारी आई फडात आणि मूल कोपीवर राहिले, तर दूध साचून स्तन दाटतात. त्यात लाली व ताप आल्यास तो स्तनशोथ समजून लगेच उपचार घ्यावेत. पाजणे मात्र थांबवू नये, कारण थांबविल्याने दूध अधिकच साचते.

स्तनात त्याला उचलून धरणारा स्नायू नसतो. त्वचा आणि इंग्रज शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर (१७६८–१८४१) यांच्या नावाने ओळखले जाणारे तंतुमय बंध एवढाच त्याचा आधार. चालताना, वाकताना हे बंध ताणले जातात. पुढे गाठ मारावयाच्या खणाच्या चोळीत खालून आधार मिळे व गाठ सैल-घट्ट करता येई. आजची काचोळी (बोलीत ‘बॉडी’) ठराविक मापाची असते आणि संकोचामुळे ती अंदाजानेच विकत घेतली जाते. हे माप दोन ठिकाणी घ्यावे : स्तनांच्या खालून छातीचा घेर व स्तनांच्या सर्वांत उंच भागावरून घेर. पहिल्यावरून पट्ट्याचा आकडा व दोहोंतील फरकावरून वाटीचा आकार ठरतो. मुख्य भार खालच्या पट्ट्याने पेलावयाचा असतो. तो पाठीवर वर चढत असेल तर सैल आहे, खांद्यावरचे बंद रुतत असतील तर भार चुकीच्या जागी पडत आहे आणि वाटीबाहेर स्तन येत असेल तर वाटी लहान आहे, असे समजावे. बाळंतपणानंतर किंवा वजन बदलल्यावर माप पुन्हा घ्यावे लागते.

हा केवळ पोशाखाचा प्रश्न नव्हे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०० स्त्रियांवरील एका अभ्यासात खेळाडूंची काचोळी वापरणाऱ्यांपैकी ८५ टक्के, तर डॅनॅझॉल हे औषध घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के स्त्रियांना आराम पडला. औषधाचे दुष्परिणामही पुष्कळ दिसले. कोणाला काय दिले हे अशा तुलनेत लपविता येत नाही, म्हणून आकडे काटेकोर मानू नयेत. तरीही आधी काचोळी व मग औषध हा क्रम योग्यच आहे. काचोळीमुळे कर्करोग होतो या समजुतीस आधार नाही.

दुखण्याचे दिवस पाळीच्या तारखांसह दोन-तीन महिने टिपून ठेवल्यास निदान सोपे होते. वेदनाशामक मलमाचा उपयोग होतो. संप्रेरकांवर परिणाम करणारी औषधे तज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गाठ, बोंडातून रक्तस्राव, बोंड आत ओढले जाणे, त्वचेवर खळी पडणे किंवा एकाच जागी टिकून राहिलेले दुखणे असल्यास मात्र काचोळी बदलून वाट पाहू नये. वयानुसार स्वनातीत चित्रण किंवा स्तनाचे क्ष-किरण चित्रण करवून घ्यावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.