पडलेल्या दातात कोण राहतं?

दुधाचा दात पडला की कुणी तो कौलांवर फेकतं, कुणी डबीत जपून ठेवतं. सोंगताओ शी हे मुलांच्या दातांचे डॉक्टर अमेरिकेत काम करत होते, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचा दात पडला आणि त्यांनी तो निरखून पाहिला, तर आत काहीतरी लालसर दिसलं! पुढचा दात पडला तेव्हा त्यांची तयारी होती. पेशी जगतील अशा द्रवात तो दात बुडवून ते थेट प्रयोगशाळेत गेले.

दात म्हणजे पांढरा दगड, असंच वाटतं ना? पण त्याच्या पोटात मऊ गर असतो. गरात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. आइस्क्रीमचा लचका तोडल्यावर कळ येते ती या नसांमुळेच. पडलेल्या दातातही थोडा गर उरतो आणि त्यात शी यांना मूळपेशी सापडल्या. आपण पुढे काय व्हायचं, हे ज्यांचं अजून ठरलेलं नसतं अशा या पेशी. एका दातात मोजून 12 ते 20, पण प्रयोगशाळेत त्या भराभर वाढल्या. हे संशोधन 2003 मध्ये प्रसिद्ध झालं.

खरी गंमत पुढेच आहे. चीनमधल्या शिआन शहरात काही मुलं पडली, धडपडली आणि त्यांच्या पटाशीच्या पक्क्या दातांना जबर मार बसला. आतला गर मेला. अशा वेळी दाताचं मूळ वाढायचं थांबतं, दात आतून पातळ आणि ठिसूळ राहतो. डॉक्टरांनी त्याच मुलांचा दुधाचा सुळा काढला आणि त्यातल्या पेशी वाढवल्या. वाढताना पेशींनी स्वतःच एक चिवट जाळी तयार केली आणि त्या एकमेकींना चिकटून राहिल्या. तो इवलासा गोळा डॉक्टरांनी मेलेल्या दातात बसवला.

वर्षभरानं पाहतात तर आत नवा गर! रक्त वाहत होतं, मूळ लांब झालं होतं. दाताला विजेचा अगदी हलका झटका दिला, तर मुलांना तो जाणवलाही. मेलेल्या दाताला पुन्हा कळायला लागलं होतं! 2018 मध्ये ही बातमी जगाला कळली.

मग दाताचं वरचं चकचकीत कवच, इनॅमल, तेही असंच उगवेल? ते अवघड आहे. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे तिथे शास्त्रज्ञांना निराळी वाट शोधावी लागते आहे.