दिवाळीतला 'च'

वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात शिरलं, की एकच प्रश्न ऐकू येतो, "तुझं झालं का गं?" काय झालं का, हे विचारावं लागत नाही. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी उघडून मेथी निवडता निवडता भाजणी दळली की नाही, शेव कुणाची बिघडली, दिराकडे यंदा काय द्यायचं, सगळ्याचा हिशेब बोरिवलीपर्यंत लागतो. पश्चिम रेल्वेने पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली सोडली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आणली. तिने आम्हा बायकांची नुसती ने-आण केली नाही. मन मोकळं करायला दिवसातला तास-सव्वा तासही दिला. विरारला उतरून शेअर रिक्षाने मनवेलपाड्याला पोचलं, की पुढे बोलायला वेळ नसतो. पुढे कढई असते.

दोन वर्षांपूर्वी मी अनारसे करायला घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, गूळ घालून पीठ मुरवलं. रात्री साडेबाराला पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. स्वयंपाकघराची भाषा ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते : अनारसा तुपात विरघळून पसरला की तो 'हसला' म्हणतात. तो हसला की करणारी रडते. मी खरोखर रडले. घरात ते अनारसे मागितले कुणीच नव्हते. मुलाला आवडत नाहीत, नवऱ्याला गोड वर्ज्य. सासूबाई करायच्या, म्हणून झालेच पाहिजेत, एवढंच.

त्या 'च'कडे माझं लक्ष नंतर गेलं. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीतून मराठी वाचकांना तो भेटलेला आहे. त्याचं म्हणणं असं की, प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनात धरलेला हट्ट आपल्याला जास्त छळतो. 'असं झालं तर बरं' ही झाली इच्छा. 'असं झालंच पाहिजे' ही झाली मागणी, आणि ती पुरी झाली नाही की माणूस कोसळतो. इंग्रजीत त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं, मराठीत एक अक्षर पुरतं. पाहुणे आलेच पाहिजेत, घर चकाचक दिसलंच पाहिजे, सगळ्यांनी आनंदात राहायलाच हवं. यातलं शेवटचं सगळ्यात जाचक. कारण चकली विकत आणता येते, आनंदाची तशी सोय नाही.

पैशाचा 'च' वेगळा. कायद्याने पात्र कामगाराला बोनससाठी धरलेल्या वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे त्या हिशेबाने साधारण एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळतो. पण इकडच्या गाळ्यांत रोजावर काम करणारे, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांना बोनस असतो तो कुणी हातावर ठेवला तर. मुलांना मात्र शेजारच्या मुलांइतकेच फटाके हवे असतात. अशा घरात आकडा आधीच मोठ्याने बोलून टाकावा. मुलांना नकार सोसतो, आईबापांनी रात्री दबक्या आवाजात केलेली भांडणं सोसत नाहीत.

आता सगळी सक्ती परंपरेनेच आणली म्हणावं, तर तसंही नाही. घरात मृत्यू झाला की पहिल्या वर्षी त्या घरी कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. तरी तिथल्या पोरांच्या तोंडी फराळ पडतो, कारण शेजारी आणि नातलग डबे पोचवतात. एरवी डबा रिकामा परत करायचा नाही हा आपला दंडक, पण त्या वर्षी रिकामा आला तर कुणी मनात आणत नाही. मला ही रीत फार शहाणी वाटते. दुःखी माणसाला तिने आनंदाचं नाटक करण्यापासून सोडवलं आणि एकटंही पाडलं नाही. आता 'त्यांना आवडलं असतं, तुम्ही दिवाळी करा' असं सांगणारे भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण जिचा माणूस गेला तिला ठरवू द्यावं. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे कुणी कोकणातून, कुणी खानदेशातून, कुणी थेट उत्तर प्रदेशातून येऊन राहिलेलं आहे आणि नातलग शेकडो कोस दूर, तिथे डबा पोचवण्याची जबाबदारी समोरच्या दारावर येते.

ज्या बहिणीला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हीदेखील त्याच शहाणपणातली गोष्ट. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी मात्र अशी सोय कुणी केलेली नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये ऑफिसला निघायची वेळ असते. व्हिडिओ कॉल चार मिनिटांत आटपतो आणि त्यानंतरची शांतता जड जाते. वरच्या मजल्यावरच्या काकाकाकूंना त्या वेळी चहाला बोलवा, एवढं करता येतं.

काही गोष्टी मात्र समजूत घालून सुटणाऱ्या नसतात. ज्यांना द्विध्रुवीय विकार आहे त्यांची झोप सलग मोडली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. तेव्हा पहाटेचं अभ्यंगस्नान त्यांनी सावकाश आठला केलं म्हणून नरकासुर सुटत नाही. सणात गोळ्या चुकवायच्या नाहीत. फटाक्यांना रात्री ८ ते १० हीच वेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावलं. ते पाळलं गेलं तरी कितीतरी आजारी माणसं झोपतील. दारू सोडलेल्याला 'सण आहे, एकच घे' म्हणणाऱ्याइतका वाईट मित्र नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच व्यसन सोडवायला झटतं आहे, त्यांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर एक पेला पाणी फिरवू शकतो.

आणि सण संपला तरी दोन आठवडे दिवसाचा बराचसा वेळ मन उदास, कशात गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर तो थकवा समजू नये, डॉक्टर गाठावा. कुणी 'आता जगून काय करायचं' म्हणालं, तर 'सणासुदीला अभद्र बोलू नकोस' म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. मनात जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसावर खटला भरण्याऐवजी तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून सरकारने त्याची काळजी घ्यावी, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

आमच्यापासून ठाणे दूर नाही. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही तिथलीच, १९९० पासूनची. पण मध्यरात्री तिथवर जाणं कुणाला जमतं? त्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. क्रमांक १४४१६. कालनिर्णयच्या पानावर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच्या शेजारी आजच लिहून ठेवा.