ॲपचीही मात्रा असते

उज्जयिनी ही कालगणनेची नगरी. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणिताने आपली मध्यरेखा या नगरीतून जाते असे मानले आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी क्षिप्रेकाठी वेधशाळा उभारून त्या परंपरेला दगडी यंत्रांचे रूप दिले. आज त्याच नगरीतील गृहस्थ सकाळी तिथी पाहण्यासाठी भिंतीवरील दिनदर्शिकेकडे वळतोच असे नाही. तो खिशातील मोबाईल काढतो. पंचांग, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, नातवाचे छायाचित्र, रक्तातील साखरेची नोंद आणि रमीचा डाव हे सारे तळहाताएवढ्या काचेवर येऊन बसले आहे. २००७ साली आयफोन बाजारात आला, जुलै २००८ मध्ये त्यावरील ॲपचे दालन सुमारे ५०० ॲपनिशी उघडले, २०१० साली आयपॅड आला. इतका अल्प इतिहास असलेली ही वस्तू आज देवघरापासून दवाखान्यापर्यंत पोहोचली आहे.

साहजिकच आपल्या दवाखान्यांत नवे प्रश्न येऊ लागले. ‘डॉक्टरसाहेब, या ॲपवर माझे प्रेशर ठीक दाखवते, मग गोळी चालू ठेवू का?’ असे कोणी ज्येष्ठ नागरिक विचारतात. ‘मुलगा जेवतानाही मोबाईल सोडत नाही, काहीतरी औषध द्या,’ अशी आई कळवळून सांगते. यावर आपली उत्तरे बहुधा दोनच असतात. एक तर ‘हा माझा विषय नाही’, किंवा ‘तो मोबाईल आधी फेकून द्या’. दोन्ही उत्तरांनी रुग्णाचे समाधान होत नाही, आणि तो शेजाऱ्याच्या किंवा जाहिरातीच्या सल्ल्याने चालू लागतो.

या लेखात एकच विचार मांडावयाचा आहे. नवे औषध हाती आले की आपण त्याचा उपयोग, पुरावा, मात्रा, दुष्परिणाम आणि वर्ज्यावर्ज्य पाहतो. ॲप आणि खेळ यांनाही हीच शिस्त लावता येते, आणि ती लावण्यास आपल्या समाजात डॉक्टराइतका योग्य माणूस दुसरा नाही.

सिंहस्थातील टॅब्लेट

प्रथम आपल्या अंगणातील उदाहरण घेऊ. गुरू सिंह राशीत आला की नाशिक आणि उज्जैन या दोन्ही नगरींत सिंहस्थ भरतो. २०१५ साली नाशिकच्या सिंहस्थात टॅब्लेट संगणकांच्या साहाय्याने रुग्णांच्या नोंदी घेऊन साथीच्या आजारांवर लक्ष ठेवण्याचा प्रयोग झाला. त्या सुमारास नाशिकचे सुपुत्र आणि अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. रमेश रासकर यांच्या प्रेरणेने ‘कुंभथॉन’ ही चळवळ उभी राहिली. गर्दी, आरोग्य, निवास यांसारख्या प्रश्नांवर स्थानिक तरुणांनी स्वतः तोडगे शोधावेत, हा तिचा हेतू होता. डॉ. रासकर यांच्याच गटाने २०१० साली मोबाईलच्या पडद्याला एक छोटे भिंग जोडून चष्म्याचा नंबर काढणारे ‘नेत्र’ नावाचे साधन जगापुढे ठेवले होते, हे नेत्रतज्ज्ञ वाचकांना स्मरत असेल.

पुढच्या वर्षी, २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात, आपल्या उज्जैनचा सिंहस्थ झाला. त्यातही टॅब्लेटवर यात्रेकरूंची लक्षणे नोंदवून आजारांचा कल पाहण्याचा उपक्रम वैद्यकीय संशोधकांनी राबविला. ऐन वैशाखातील माळव्याचे ऊन आणि अफाट गर्दी लक्षात घेता या उपक्रमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कागदी तक्त्यांवरील आकडे गोळा होऊन त्यांची बेरीज होईपर्यंत अतिसाराची साथ एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचू शकते. तीच नोंद टॅब्लेटवरून लगेच एका ठिकाणी जमा झाली, तर कोणत्या भागात पाण्याची तपासणी करावयाची आणि कोठे क्षारसंजीवनी पाठवावयाची, हे वेळेवर ठरविता येते. येथे ॲप रोग बरा करीत नाही. ते डॉक्टराची नजर लांबवर पोहोचविते. ॲपचा हा सर्वांत निर्मळ उपयोग होय.

खेळ औषध होऊ शकतो का?

आता खेळांकडे वळू. व्हिडिओ खेळ म्हणजे केवळ कालापव्यय, ही समजूत वैद्यकशास्त्राने तपासून पाहिली आहे. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात ३३ शल्यचिकित्सकांचा अभ्यास झाला व तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पूर्वी आठवड्यातून ३ तासांहून अधिक व्हिडिओ खेळ खेळले होते, त्यांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांचा वेग २७ टक्के अधिक होता. अर्थात खेळामुळे हात कुशल झाले की मुळात कुशल हातांनाच खेळ आवडले, हे एवढ्या छोट्या अभ्यासावरून ठरविता येत नाही. त्यामुळे चिरंजीवांनी हा पुरावा वडिलांपुढे ठेवला, तर वडिलांनी ही पुस्ती जोडावी!

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. लहान मुलांच्या मंददृष्टीवर, ज्याला आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार रूढ आहे. मुले पट्टी ओढून काढतात हा नेत्रतज्ज्ञांचा नित्याचा अनुभव. म्हणून रंगीत काचांचा चष्मा लावून आयपॅडवर खेळण्याचा एक खेळ तयार झाला. त्यात दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दिसतात आणि दोन्ही डोळे वापरल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. अमेरिकेत ३८५ मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली व निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. खेळ पट्टीहून सरस ठरला नाही. रोज एक तास खेळावयास सांगितले असताना, सांगितलेल्या वेळेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक वेळ खेळणारी मुले अवघी २२ टक्के निघाली! जो खेळ सोडविता सुटत नाही अशी आपली तक्रार, तोच डॉक्टरांनी लिहून दिला की मुलांना नकोसा होतो. बालमनाचे हे गूढ आपल्या आज्या फार पूर्वीपासून जाणून आहेत.

तरीही हे दार बंद झालेले नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अवधानाच्या विकारासाठी ‘एंडेव्हर आरएक्स’ हा व्हिडिओ खेळ ८ ते १२ वर्षांच्या मुलांना लिहून देण्यास संमती दिली. औषधाप्रमाणे चाचणी होऊन, डॉक्टराच्या चिठ्ठीवर खेळ मिळण्याचा काळ सुरू झाला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आश्वासक परंतु असत्य

ज्या ॲपची चाचणी झालेली नाही, त्याचा धोका किती असू शकतो, हे सांगणारे एक प्रकरण प्रत्येक फिजिशियनने लक्षात ठेवावे. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचे एक ॲप २०१४-१५ मध्ये आयफोनवर उपलब्ध होते. कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि फोन छातीशी धरा, की रक्तदाब मिळाला. बाहूला पट्टा नको, पाऱ्याचे यंत्र नको. ते अतिशय खपले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरांनी ८५ जणांवर त्याची पडताळणी केली व २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, अशा १० पैकी जवळजवळ ८ जणांना ते ॲप ‘तुमचा रक्तदाब वाढलेला नाही’ असे सांगत होते.

वाचकहो, या आकड्याचा अर्थ आपल्या ओळखीच्या चेहऱ्यांवर लावून पाहा. फ्रीगंजातील एखाद्या घरात आजी-आजोबा दोघेच राहतात; मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. मुलाने प्रेमाने नवा फोन पाठविला, त्यात ॲप घालून दिले. ॲपने सांगितले ठीक आहे, म्हणून आजोबांनी गोळी बंद केली. त्यानंतर पक्षाघाताचा झटका आला, तर तो मोबाईलमुळे आला असे कोणत्याही दाखल्यावर लिहिले जाणार नाही. चुकीचे ॲप असे मुकाट्याने घात करते. म्हणूनच बाहूला पट्टा बांधणारे प्रमाणित यंत्र आणि केवळ करमणुकीचे ॲप यांतील भेद रुग्णाला समजावून सांगणे, हा सल्ला-मसलतीचाच भाग समजला पाहिजे.

मात्रा चुकली की…

चांगल्या वस्तूचाही अतिरेक विष ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केला. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्याची लक्षणे तीन: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. अशी स्थिती साधारणपणे १२ महिने असावी आणि त्यामुळे शिक्षण, कुटुंब वा व्यवसाय यांची घडी विस्कटलेली असावी. म्हणजे सुटीत दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. आणि ज्याची शाळा सुटली, झोप गेली, तो निव्वळ खोडकरही नव्हे. हा विवेक पालकांना आपण द्यावयाचा आहे.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा प्रश्न तर त्याहून गंभीर होता. संसदेने २०२५ साली ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा करून असे खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांसाठी पैशांची देवघेव करणे यांवर बंदी घातली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने गुन्हेगार ठरविले नाही. म्हणून कर्जात बुडालेला तरुण आपल्याकडे निद्रानाशाची तक्रार घेऊन आला, तर त्याने निःसंकोचपणे बोलावे असे वातावरण दवाखान्यात हवे.

लहानग्यांसाठी मात्रा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. डोळ्यांसाठी तर उतारा फुकट उपलब्ध आहे. चीनमधील ग्वांगझू येथे काही शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर काढावयास लावले. तीन वर्षांनंतर त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी झालेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर इतर शाळांत ते ३९.५ टक्के होते. कोठी रोडवरची सायंकाळची फेरी किंवा मैदानावरचा खो-खो हे नुसते जुन्या पिढीचे हळवेपण नाही. त्यामागे चाचणीचा पुरावा आहे.

चिठ्ठीवरील पाच प्रश्न

मग डॉक्टराने काय करावे? प्रत्येक ॲप वापरून पाहणे कोणालाच शक्य नाही. परंतु रुग्णाने ॲपचे नाव काढताच पाच प्रश्न विचारता येतात. हे कशासाठी हवे आहे? याची तपासणी वैद्यकीय जाणकारांनी केली आहे का, की केवळ जाहिरातच आहे? रोज किती वेळ वापरावयाचे आणि केव्हा थांबावयाचे? यात भरलेली माहिती कोठे जाते? आणि हे पैसे कोठे, कसे मागते? पाचही उत्तरे समाधानकारक असतील, तर औषधाच्या चिठ्ठीवर त्या ॲपचे नाव लिहिण्यास संकोच नको. औषधाची वेळ सांगणारे, चाललेली पावले मोजणारे, साखरेच्या नोंदी ठेवणारे साधे ॲप अनेकदा महागड्या तपासणीहून अधिक उपयोगी पडते.

दूरस्थ सल्ल्याबाबतही असेच म्हणता येईल. २५ मार्च २०२० रोजी शासनाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि मोबाईलवरून सल्ला देण्याला नियमांची चौकट मिळाली. रुग्णाची ओळख पटविणे, संमती घेणे, नोंद ठेवणे आणि काही औषधे अशा सल्ल्यातून न देणे, ही बंधने तीत आहेत. ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेने त्याच वर्षी घरबसल्या मोफत सल्ल्याची सोय केली. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना या सेवेची ओळख करून देणे, ही मोठीच समाजसेवा ठरेल.

आपल्या मंडळाच्या हातून होण्याजोगी दोन कामे सुचवून हा लेख पुरा करतो. एक, समाजाच्या सभागृहात महिन्यातून एकदा ‘मोबाईल दवाखाना’ भरवावा. महाविद्यालयीन मुलांनी ज्येष्ठांना फोन शिकवावा, आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी कोणते ॲप ठेवावे व कोणते काढून टाकावे ते सांगावे. त्या निमित्ताने नातवंडांच्या वयाची मुले आजी-आजोबांशी बोलतील, हा लाभ वेगळाच. दोन, २०२८ चा सिंहस्थ जवळ आला आहे. आपल्या सभासदांच्या दवाखान्यांतून ताप, अतिसार, खोकला, उष्माघात अशा मोजक्या लक्षणांची रोजची नोंद, रुग्णाचे नाव न देता, एकाच पद्धतीने टॅब्लेटवर ठेवण्याचा सराव आजपासून करावा आणि ती नोंद आरोग्य विभागाच्या हाती सोपवावी. लाखो यात्रेकरू या नगरीत येतील तेव्हा साथीची पहिली चाहूल बहुधा गल्लीतल्या डॉक्टरालाच लागेल. ती चाहूल एका दिवसात सर्वांपर्यंत पोहोचली, तर कित्येक घरांतील माणसे सुखरूप परत जातील.