जीएसटीने घडवलेला आयटी मॅनेजर

परदेशी कंपनीत आयटी मॅनेजर व्हायचे तर पुणे गाठावे, हिंजवडीत काही वर्षे कोड लिहावा, जमल्यास ऑनसाइट जाऊन यावे, ही वाट नगर जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांनी मळवली. तिला आधारही होता. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि लोणी, संगमनेरची महाविद्यालये त्याच वर्षी निघाली. पुढे 1991 ची सॉफ्टवेअर पार्क योजना आणि वायटूकेची (2000 सालच्या तारखा संगणकात दुरुस्त करण्याची) धांदल यांनी त्या पदव्यांना गिऱ्हाईक दिले. त्या काळी कारखान्यातला आयटीवाला म्हणजे प्रिंटर आणि हजेरीचे मशीन सांभाळणारा 'कॉम्प्युटरवाला'. पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या एमआयडीसीत आज परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. तिथे या कॉम्प्युटरवाल्याचे वजन वाढायला 2017 नंतरचे आपल्याकडचे कायदे कारण झाले, असे माझे मत आहे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, एप्रिल 2018 मध्ये मालवाहतुकीचे ई-वे बिल, ऑक्टोबर 2020 मध्ये मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा दंडक घातला, तर एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद सक्तीची झाली. यातले बरेचसे मुख्यालयाने कारभारासाठी ठरवून दिलेल्या सॅप सॉफ्टवेअरच्या साच्यात आयते बसत नाही. माल भरलेला ट्रक गेटवर उभा आहे, ई-इनव्हॉइसच्या पोर्टलकडून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) येत नाही, त्यामुळे बिलावर क्यूआर कोड नाही. डिस्पॅचचा माणूस फोनवर फोन करतो आहे. सुप्यात सकाळचे सात, युरोपातल्या मुख्यालयात अजून रात्रच. तिकडच्या हेल्पडेस्कला तिकीट टाकून उजाडायची वाट पाहणे परवडत नाही. चूक मालाच्या एचएसएन कोडची, ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाची की इंटरफेसची, हे ओळखून गाडी सोडवणाऱ्याला लेखा, स्टोअर आणि सर्व्हर अशी तिन्ही खाती कळावी लागतात. मॅनेजरचे काम म्हणतात ते हेच. इथे कोड लिहिण्याचा वाटा फारच थोडा.

यावर आक्षेप असा की, निर्णय मुख्यालयच घेते. बजेट, लायसन्स, क्लाउड सगळे तिकडे, इथला माणूस फक्त हुकूम बजावणारा. यात तथ्य आहे. साचा बदलायचा अधिकार सुप्याला नाही आणि बहुधा मिळणारही नाही. पण भारतीय कायद्यासाठी साच्यात काय जोडायचे, हे मुख्यालयाला इथूनच विचारावे लागते, आणि ज्याला विचारतात त्याचे नाव वरच्या बैठकीत घेतले जाते. दुसरा आक्षेप पगाराचा. सुरुवातीला हिंजवडी जास्त देते, हे खरेच. मात्र तिथे शेकडो जणांच्या उतरंडीत एका मॉड्यूलचा तुकडा वाट्याला येतो. कारखान्यात आयटीची माणसे मोजकी, त्यामुळे ऑडिटरसमोर बसायची पाळी लवकर येते. (इंग्रजीची भीती हा खरा अडसर असतो, पण ऑडिटच्या प्रश्नांची भाषा ठरलेली असते, ती दोन-तीन फेऱ्यांत अंगवळणी पडते.)

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना पायथॉनबरोबर एक खरे जीएसटी रिटर्न आणि एक कारखान्याचे स्टोअर दाखवावे. त्यासाठी विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही.