एक दिवस पायी : नारायणगाव ते लेण्याद्री

मंडळी, अष्टविनायकाला जायचे म्हटले की हल्ली गाडी ठरते. ओझरला दहा मिनिटे, लेण्याद्रीला अर्धा तास, आणि पुढे चला! देव भेटतो, पण मधला मुलूख बघायचा राहून जातो. यंदा पौष-माघात रब्बीची खुरपणी उरकली की एक दिवस काढा आणि पोराबाळांना घेऊन पायी निघा. सगळे मिळून सात-साडेसात कोसांची चाल आहे. म्हाताऱ्या माणसांनी ओझरहून सुरुवात केली तर पाच कोसांत भागते.

नारायणगावहून उजाडताच निघावे. भाकरी, पिठले, कांदा फडक्यात बांधून घ्या. मीना नदीचे खोरे मागे टाकून तुम्ही कुकडीच्या खोऱ्यात उतरता. आपण शेतकरी; आपले डोळे पिकावरच जायचे. कुठे द्राक्षबागेत घड भरत आलेले, कुठे कांद्याची हिरवीगार पात, कुठे उसाचे फड. हे पाणी आले कोठून, ते पोरांना सांगा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने हे शिवार बदलले. ओझरचा विघ्नहर तर येडगाव धरणाच्या पाण्याकाठीच बसला आहे.

ओझरहून पश्चिमेला जुन्नरची वाट धरली की शिवनेरी पुढ्यात येतो. 1630 साली शिवराय जन्मले तो हा गड. तो नजरेसमोर ठेवून चालले की पाय दुखत नाहीत.

जुन्नर ओलांडून, कुकडी पार करून गोळेगावच्या शिवारात आलात की लेण्याद्रीचा डोंगर. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दमाने चढा. गिरिजात्मजाचे देऊळ म्हणजे सातवे लेणे. एवढा मोठा मंडप, पण आत एकही खांब नाही! ही लेणी मूळची बौद्ध भिक्षूंची. शेजारच्या सहाव्या लेण्यात, कल्याणच्या एका सोनाराच्या मुलाने ते दान केल्याचा कोरीव लेख आहे. कोकणातला माणूस इथवर आला कसा? नाणेघाटाच्या पायवाटेने. या मुलखाची भरभराट वाटेवरच झाली.

आणि आता वाटेचेच दुखणे. चालताना तुम्हाला दिसेल, जुनी पाणंद मध्येच बुजलेली. कुठे बांध कोरून आत घेतलेली, कुठे काटेरी कुंपण. परक्या गावचे कशाला, आपल्याच गावात काय वेगळे आहे? एकाने हातभर रान वाढवले, आणि मागच्या चार घरांचा ऊस फडातच अडकला. भावाभावांत बोलणे बंद!

विलायतेतही शेतातून पायवाटा जातात. तिथे 1949 च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर पक्क्या नोंदवायला लावल्या. 1965 साली पेनाइन वे ही सव्वाचारशे किलोमीटरांहून लांब पायवाट खुली झाली. शेत नांगरताना मधली वाट मोडलीच, तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा मोकळी करून देणे शेतकऱ्यावर बंधनकारक आहे.

आपल्याकडेही नोंद आहे, फक्त बघणारा हवा. गावनकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. पण आधी चार शहाणी माणसे बसवून मिटते का ते बघा. कचेरीच्या खेपांपेक्षा हातभर बांध स्वस्त पडतो.

एक इशारा. या भागात उसात बिबट्याचा वावर आहे. दिवस मावळायच्या आत उतरा, पोरांना घोळक्यातच ठेवा, आणि परतीला एस.टी. धरा.

घरी आल्यावर पाय शेकत बसाल, तेव्हा धाकट्याला एक विचारा : आपल्या शेतापासून गावापर्यंतची वाट कोणाकोणाच्या बांधावरून जाते? त्याला सांगता आले, तर ही चाल सार्थकी लागली समजा.