वाटीभर बेसन, घरभर जेवण
पांढुर्णा-सौंसरच्या काटकसरी चुलीवरच्या काही चटकदार गोष्टी

महिन्याची वीस तारीख उलटलेली, भाजीवाल्याच्या गाडीकडे बघायची सोय नाही, आणि घरात खाणारी तोंडं पाच. मग पांढुर्ण्यात काय शिजतं? बेसन. उद्या? बेसनच, पण पातोडी होऊन. परवा कढीत गोळे, तेरवा गोळाभात. आठवडाभर एकच जिन्नस ताटात येतो आणि कुरकुर फारशी होत नाही. हे कसब शिकवणारं कॉलेज अजून निघालेलं नाही.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके २०२३च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावर मध्य प्रदेश, पण चुलीवर विदर्भच. त्यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. पुढे भाषावार वाटणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा भोपाळकडे राहिला. राजधानी बदलली, फोडणी बदलली नाही.

सगळ्यात स्वस्त जिन्नस: पाणी

महाराष्ट्रात इतरत्र ज्याला पिठलं म्हणतात, ते इकडे चून. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, कांदा, लसूण, हिरवी मिरची, मोहरी-जिरं आणि वरून सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. हिशेब केला तर कढईतल्या चार वाट्यांपैकी तीन वाट्या नळाच्या. पाहुणा वाढला तर पाणी वाढतं, बेसन वाढत नाही. पाणी कमी करून कोरडं परतलं की झुणका. तो डब्यात सांडत नाही, म्हणून शेतावर जातो.

पातोडीची गोष्ट याहून गमतीची. बेसन घट्ट शिजवून ताटात थापायचं, वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात सोडायच्या. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजी जेवणात हा रस्सा मटणाच्या रश्श्याच्या शेजारी ताठ मानेनं बसतो. मसाला तोच, तर्री तीच, घाम तोच. फक्त मटण नाही. माझं स्पष्ट मत, चांगल्या पातोडीनंतर मटणाची आठवण आली तर दोष रश्श्याचा, पातोडीचा नव्हे.

गोळाभातात तर भांडंही एकच लागतं. तिखट-मीठ-हळद आणि तेलाचं मोहन घालून बेसनाचे घट्ट गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून झाकण घालायचं. भाताच्या वाफेवर गोळे शिजतात. भाजी वेगळी नाही, वरण वेगळं नाही, गॅसही एकदाच पेटतो. वाढताना भातावर गोळा कुस्करायचा आणि लसणाची कडकडीत फोडणी ओतायची. तेल थोडंच असलं तरी ते वर असतं, म्हणून पहिल्या घासाला तेच लागतं. तेल महाग झालं की ही युक्ती आठवते.

हरभऱ्यानं तुरीला हरवलं

बेसनच का? सरकारी हमीभावाची यादी बघा. २०२४-२५मध्ये तुरीला क्विंटलमागे ७,५५० रुपये, मुगाला ८,६८२ आणि त्याच रब्बीच्या हरभऱ्याला ५,६५०. दुकानातले दर वेगळे असतात, पण चढती-उतरती भाजणी साधारण हीच. तुरीत आणि हरभऱ्यात प्रथिनं जवळपास सारखीच, शेकडा वीस-बावीस. मग तुरीचं वरण रविवारी आणि बेसन आठवडाभर, हा निर्णय घरातली बाई अर्थशास्त्र न वाचता घेते.

त्याहून मोठा विनोद शेतात उभा आहे. सोयाबीनचा त्याच वर्षीचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि प्रथिनं शेकडा छत्तीस ते चाळीस. म्हणजे डाळींपेक्षा स्वस्त आणि डाळींच्या जवळजवळ दुप्पट. गावाच्या चहूबाजूंनी सोयाबीन आणि तरी त्याचं वरण कुणी करत नाही. कारण आहे. कच्च्या सोयाबीनला उग्र वास असतो आणि त्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो, उष्णतेनं तो बराचसा जातो. म्हणून सोयाबीन गावातून तेलाच्या कारखान्यात जातं आणि वडीच्या पाकिटातून परत येतं, भाव वाढवून. ज्यांना पाकीट टाळायचं आहे त्यांनी ते वीस-पंचवीस मिनिटं उकळावं, कडक उन्हात वाळवावं आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या मापानं गिरणीत द्यावं. पोळी ओळखू येत नाही.

गरिबाची भाकर श्रीमंताच्या ताटात

पूर्वी या भागात ज्वारीची भाकर म्हणजे रोजचं खाणं आणि गव्हाची पोळी म्हणजे सण. आता उलटं झालं आहे. २०२४-२५मध्ये संकरित ज्वारीचा हमीभाव ३,३७१ रुपये होता आणि त्याच रब्बीच्या गव्हाचा २,४२५. शिवाय कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात गहू-तांदूळ १ जानेवारी २०२३पासून फुकट. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कार्डाला घरामागे पस्तीस किलो. मग हाती पैसा नसलेलं घर पोळी खातं आणि नागपूरचा साखर वाढलेला साहेब डॉक्टरांच्या सांगण्यावरून भाकर शोधत फिरतो. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, त्यानं भाकरीचा मान वाढला आणि भावही.

कंट्रोलचं एक कमी वापरलं जाणारं कलम सीमेवरच्या लोकांनी लक्षात ठेवावं असं आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ आता देशभर लागू आहे. कामासाठी बुटीबोरी-नागपूरला गेलेला माणूस तिथल्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतो आणि उरलेलं घरचे गावात उचलतात. तरी कित्येक जण शहरात पूर्ण भावानं तांदूळ घेतात आणि गावातला वाटा महिना संपता वाया जातो.

पैसा भाकरीत जात नाही, पुडीत जातो

केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या घरखर्च पाहणीत एक आकडा आहे, तो प्रत्येक घरातल्या फ्रिजवर चिकटवावा असा. फ्रिज नसेल तर भिंतीवर. ग्रामीण भारतात घरखर्चातला तृणधान्यांचा वाटा ४.९१ टक्के. आणि चहा-नाश्ता, थंड पेयं, पाकीटबंद नि तयार खाणं यांचा ९.६२ टक्के, म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट. स्वस्त रेशनमुळे धान्याचा आकडा खाली दिसतो हे खरं. तरी टपरीवरचा चहा, पोरांची पाच रुपयांची पुडी आणि स्टँडवरचे तर्री-पोहे मिळून भाकरीला मागे टाकतात हेही खरंच.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७मध्येच सांगून ठेवलं होतं की घर जितकं गरीब तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. ग्रामीण भारतात तो १९९९-२०००मध्ये ५९ टक्क्यांवर होता, २०२२-२३मध्ये ४६वर आला. पण पाच रुपयांच्या पुडीत माल किती आणि हवा किती, हे मोजायला एंगेलसाहेब राहिले नाहीत. त्याच पाच रुपयांचे फुटाणे घ्या, खिसा जड होतो.

फुकटची भाजीमंडी

पहिला पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो. कोवळा असेपर्यंत त्याची भाजी करतात, जून झाला की कडू. शेतात कुंजर, उन्हाळ्यात चिवळ, कुणाच्या परसात हेटा, म्हणजे हादगा, त्याच्या फुलांचीही भाजी. पैसे पडत नाहीत, कमरेला मात्र त्रास पडतो. तणनाशकाची फवारणी झालेल्या शेतातलं काही खुडू नये, एवढं पथ्य मात्र नवीन आहे. आजीच्या काळात ते नव्हतं.

अंबाडीचा मान वेगळा. पानं आंबट, म्हणून चिंच वाचते. ज्वारीच्या कण्या आणि थोडी तुरीची डाळ घालून घोटली की भाजी आणि भात दोन्हींचं काम होतं. लाल बोंडांची चटणी किंवा सरबत. बी वेगळं. आणि सगळं खाऊन झालं की खोडाच्या सालीचा दोर वळायचा. भाजी देऊन वर दावं देणारं दुसरं झाड मला माहीत नाही.

हरभराही कमी नाही. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी हिवाळ्यात ताजी खातात, उरलेली सावलीत वाळवून वर्षभर पुरवतात. ती आंबट का लागते? हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पहाटे दवात भिजलेल्या शेतावरून स्वच्छ फडकं ओढायचं, पिळायचं आणि निघेल ती आंब बाटलीत भरून ठेवायची, अशी जुनी रीत आहे. शेतात उगवणारं व्हिनेगर!

स्वस्ताईची काळी बाजू

लाख किंवा लाखोळी नावाची डाळ मध्य प्रदेश आणि पूर्व विदर्भाच्या ओळखीची. कमी पाण्यात, कमी मशागतीत येणारी, सगळं पीक करपलं तरी तग धरणारी. म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरायची. पण महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर तिच्यातल्या विषारी घटकानं पाय कायमचे लुळे पडतात. सागरच्या मुलखात काम केलेल्या कर्नल स्लीमननं १८४४च्या पुस्तकात असे पाय गेलेले तरुण नोंदवले आहेत. १९६१मध्ये केंद्रानं तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, तो लागू करणं राज्यांवर सोडलं. कमी विषाचे वाणही नंतर निघाले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष बरंच उतरतं, आणि विविध अन्नात अधूनमधून थोडी आली तर पाय जात नाहीत. धोका असतो तो दुसरं काहीच परवडत नसताना.

ही डाळ दळली की हरभऱ्याच्या पिठात सहज मिसळून जाते. म्हणून सुटं बेसन फारच स्वस्त दिसलं तर हात आखडावा. चणाडाळ निवडून घ्यावी आणि समोर उभं राहून दळून आणावी. गिरणीवाल्याशी गप्पाही होतात.

संत्र्याच्या गावात संत्रं

पांढुर्णा-सौंसरची संत्री ट्रक भरून दूरदूर जातात. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारी-मार्चला. मोठं फळ गाडीत, बारीक आणि वेडंवाकडं, ज्याला चुरी म्हणतात, ते मागे राहतं. गरिबाच्या घरी येतं ते हेच. रसात आणि क जीवनसत्त्वात ते कमी नसतं, दिसायला तेवढं कमी. पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला त्याच जेवणात आंबट काही असलं तर मदत होते. संत्रं, लिंबू, आवळा काहीही चालतं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की लोह अडतं. डाळभाजी खाऊन वर कपभर चहा घेणाऱ्या आपल्या पिढ्यांनी अर्धं लोह बशीतच सोडलं असणार.

थाळीचं राजकारण

मध्य प्रदेशानं एप्रिल २०१७मध्ये दीनदयाल रसोई सुरू केली, पाच रुपयांत जेवण. मध्ये दहा झाले, २०२३मध्ये पुन्हा पाच. महाराष्ट्रानं १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर दिली आणि २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणली. सीमेच्या दोन्ही बाजूंना सरकारं बदलली, थाळीचं आकर्षण कुणालाच सुटलं नाही.

पण घरखर्चात खरा हातभार लावते ती शाळेची खिचडी. प्राथमिक शाळेतल्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, असं मध्यान्ह भोजनाचं माप आहे. सहावी ते आठवीला दीडपट. घरात शाळेत जाणारी दोन मुलं असली की दुपारची दोन ताटं हिशेबातून वजा होतात. मे महिन्यात डबा अचानक रिकामा का होतो, याचं उत्तर सुट्टीत आहे.

पोळ्याचा हिशेब

सणाला काय? पुरणपोळी, म्हणजे पुन्हा हरभराच. पोळ्याच्या दिवशी बैलालाही तीच, माणसालाही तीच. डाळ शिजवून निथळलेलं पाणी फेकत नाहीत. त्यात चमचाभर पुरण, गोडा मसाला, चिंच आणि सढळ तिखट घालून कटाची आमटी होते. एका डाळीत गोड आणि तिखट दोन्ही, वर तळणाच्या तेलात चार कुरडया. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर गोटमारीला, म्हणजे एकमेकांवर दगड मारण्याच्या खेळाला, उभे राहतात आणि नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. घरोघरी त्या दिवशी कुणाला स्वयंपाकाची हौस नसते. शिळी पुरणपोळी तव्यावर थेंबभर तेलात खरपूस करायची आणि मुरलेल्या आमटीला एक उकळी आणायची. ती आदल्या दिवशीपेक्षा चांगली लागते.