मुरगळलेल्या घोट्यांची वर्षं

परवा एका जिल्हास्तरीय कबड्डी सामन्यात चढाईला गेलेल्या मुलीचा पाय आत वळला. घोट्यावर गार फवारा मारला, पट्टी आवळली आणि थोड्याच वेळात तिला परत खेळायला उतरवलं. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. त्यानंतर मॅट आलं, बूट आले, प्रकाशझोत आले. दुखऱ्या पायावर खेळवायची खोड तेवढी गेली नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आंबेहळद-तुरटीचा लेप, मिठाच्या पाण्याचा शेक, नाहीतर हाडवैद्य. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर, ही चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडली. आमच्या मैदानांवर ती फार उशिरा आली.

नव्वदचं दशक मात्र मी मातीत काढलं. १९९०च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डीचं सुवर्ण भारताला मिळालं आणि मंडळामंडळांतली पोरं जीव तोडून खेळू लागली. त्यातली कितीतरी गुणी पोरं घोट्यापायी संपली. लंगडणाऱ्याला भित्रा म्हणणारे संघ व्यवस्थापक मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. दुसरीकडे साध्या लचकेलाही आठवडेच्या आठवडे प्लास्टर. ते काढलं की पोटरी वाळलेली आणि सांधा आखडलेला. हाडावर ठरावीक जागी दाबून दुखतं का, चार पावलं टाकता येतात का, एवढं पाहून एक्स-रे हवा की नको ते ठरवायचे नियम कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच दिले होते.

त्या काळातले काही जुने वस्ताद आज फार आठवतात. सूज उतरली तरी ते पोराला लगेच खेळू देत नसत. संध्याकाळी मातीत एका पायावर उभं करत, मग डोळे मिटायला लावत. तोल जायचा थांबला की मगच चढाई. अस्थिबंध दुखावला की पायाची तोल सावरायची जाणही बिघडते आणि ती सरावाने परत आणावी लागते, हे इंग्लंडमध्ये फ्रीमन यांनी १९६५ मध्ये लिहिलं होतं. वस्तादांना ते पोरांचे पाय बघून कळलं होतं. ती माणसं गेली, आणि त्यांच्या जागी फवाऱ्याची बाटली आली.

बर्फाने भरून येणं लांबू शकतं, हे खुद्द मर्किन यांनीच २०१४ मध्ये मान्य केलं. फवाऱ्याने तर फक्त वेदना बधिर होते. सैल पडलेला अस्थिबंध तसाच राहतो आणि पुढच्याच वळणावर पाय पुन्हा दगा देतो. दुखऱ्या पायावर उड्या मारता येतात का, पूर्ण वेगात झटकन वळता येतं का, हे दुसऱ्या पायाशी ताडून पाहिल्याशिवाय कुणालाही उतरवू नये. आणि हे ठरवायचा अधिकार व्यवस्थापकाकडून काढून फिजिओथेरपिस्टकडे द्यावा, जिल्हा स्पर्धांतसुद्धा, याच मोसमापासून.